चावी काढल्यावर बोलणारी गाडी

आमच्या गाडीचा खरा कार्यक्रम इंजिन बंद केल्यावर सुरू व्हायचा. चालू असताना ती चारचौघींसारखीच घरघरायची, त्यात ऐकण्यासारखं काही नव्हतं. पण बाबांनी चावी फिरवून काढली, खिशात टाकली आणि दार लावलं की पडदा वर जायचा. आधी पुढच्या भागात धडधड, सगळं अंग हलवून, जुना खोकला झाल्यासारखी : ढक्, ढक्, ढक-ढक, ढक्. मग एक लांब उसासा आणि शांतता. प्रेक्षकांना वाटावं, संपलं. तोच खालून टिक. टिक टिक. मग बराच वेळ काही नाही, लोक घराकडे वळतात, आणि पुन्हा टिक. सगळ्यात शेवटी पोटातून गुळगुळ, जेवण जास्त झालेल्या पाहुण्यासारखी.

हे आवाज मी आजही काढून दाखवते. घरात कार्य असलं, चार नातेवाईक जमले की कोणीतरी म्हणतंच, "ती गाडी कर ना." मी आढेवेढे घेते, मग पदर खोचते आणि करते. ती गाडी आली तेव्हा मी उल्हासनगरला कॉलेजात होते. गॅदरिंगमध्ये कोंबड्यापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांचे आवाज काढून झाले होते, त्यामुळे गाडी जमायला फारसा वेळ लागला नाही.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. आम्ही अंबरनाथला दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. मोठ्या साहेबांची सरकारी मोटार सोडली तर कॉलनीत चार चाकं म्हणजे भाजीची हातगाडी. अशा ठिकाणी आमच्या दारात गाडी आली, ती उल्हासनगरच्या एका सिंधी व्यापाऱ्याकडून, आधी दोन घरं बघून आलेली. गाडी आणली बाबांनी, पण हवी होती आईला. आणि बसायला नव्हे, चालवायला. लग्न झाल्यापासून ती बाबांच्या स्कूटरवर मागे, दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसत आली होती. ती म्हणायची, "इतकी वर्षं मी रस्त्याची डावी बाजूच बघतेय. उजव्या बाजूला काय दुकानं आहेत मला ठाऊक नाही." शिकाऊ परवाना तिने गाडी येण्याआधीच काढून ठेवला होता. कॉलनीतल्या बायकांना तो दाखवून झाला होता. बायकांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि फोटो चांगला आलाय असं सांगितलं. परवान्याबद्दल कोणी काही बोललं नाही.

व्यापाऱ्याने सांगितलं होतं की आठवडाभर चालवून बघा, रविवारी पसंत नसेल तर परत आणा. हे वाक्य त्याने चुकीच्या माणसाला सांगितलं.

बाबा तपासणी खात्यात होते. फॅक्टरीत जो माल बनेल तो हातात घ्यायचा, निरखायचा, वाजवायचा, आणि जरा जरी बद्द वाजला तरी नापास करायचा, हे त्यांचं काम. ते काम भोंगा झाल्यावर संपत नसे. घरात येणारी प्रत्येक वस्तू आधी वाजायची. नारळ, माठ, कपबश्या, मामाने आणलेलं कलिंगड. कौतुकाने त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली तरी मला वाटायचं, आत भेग आहे का बघतायत.

अशा माणसाच्या दारात बंद केल्यावर बोलणारी गाडी उभी राहिली. चालू असताना आवाज आला तर बाबांना चाललं असतं. "यंत्र आहे, आवाज करणारच," ते म्हणाले. "पण बंद म्हणजे बंद. चावी माझ्या खिशात आहे आणि आत कोणीतरी काम करतंय, हे मला मान्य नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापून पिवळा रंगवला आणि तारेने आरशाला बांधला. बाहेरच्या माणसाला हे कळणार नाही. फॅक्टरीत नापास मालाला लाल बिल्ला लागतो, आणि ज्याचा निर्णय व्हायचाय त्याला पिवळा. पिवळा बिल्ला असलेल्या वस्तूला ज्याने लावला त्याच्याशिवाय कोणी हात लावत नाही. आमच्या कॉलनीत हे दूधवाल्यालाही ठाऊक होतं. त्या दिवसापासून पोरांनीसुद्धा गाडीच्या धुळीवर बोटाने काही लिहिलं नाही. आईने तो बिल्ला खिडकीतून पाहिला आणि पोळी तव्यावर जरा जोरात टाकली.

संध्याकाळी बिल्ला पाहून तज्ज्ञ जमले. आमच्याकडे तज्ज्ञांना तोटा नव्हता, पण प्रत्येकाला आपल्या खात्याचंच यंत्र माहीत. बॉयलरवरचे काका म्हणाले, "ही वाफ. कोंडलीय कुठेतरी." लेथवरचे म्हणाले, "बेअरिंग. मी शिफ्टला बसल्या जागी सांगतो." शेजारचे काका ज्या विभागात होते त्याबद्दल घरीदारी बोलायची त्यांना परवानगी नव्हती, म्हणून तिथे काय बनतं हे सगळ्या कॉलनीला माहीत होतं. ते आले, टिकटिक ऐकली आणि जागच्या जागी थांबले.

"कधीपासून टिकटिकतेय?"

"बंद केल्यापासून," बाबा म्हणाले.

"दोन टिकांमधलं अंतर सारखं आहे की कमी होतंय?"

"वाढत चाललंय."

"वाढतंय म्हणजे बरं आहे," काका म्हणाले आणि दोन पावलं मागे सरकले. ते सरकले म्हणून लेथवाले सरकले. लेथवाले सरकले म्हणून बॉयलरवाले. आई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा गाडी एकटीच दारात उभी आणि सगळे पुरुष पार कडुनिंबाखाली अर्धगोल करून.

"चहा इथे देऊ," आईने विचारलं, "की तुम्ही अजून लांब जाणार आहात?"

"वहिनी, चेष्टा नाही," काका म्हणाले. "आमच्याकडे टिकटिक ऐकली की आधी लांब जायचं, मग विचार करायचा."

"विचार होतोय कुठे? नुसतं लांबच जाताय."

गाडी तेवढ्यात गुळगुळली. चहा कडुनिंबाखालीच झाला.

मग बाबांनी उल्हासनगर गाठायचं ठरवलं. बिल्ल्याचा माल निर्णयाआधी फाटकाबाहेर जात नाही, म्हणून रिक्षाने. आणि बरोबर मला घेतलं. का, ते मला तिथे पोचल्यावर कळलं.

कॅम्पात, म्हणजे उल्हासनगरच्या जुन्या सिंधी वस्तीत, त्या व्यापाऱ्याचं पत्र्याचं लांबलचक शेड होतं. पुढे गाद्या घातलेल्या खुर्च्या, मागे ओळीने गाड्या, आणि भिंतीवर देवांचे इतके फोटो की कुठली गाडी कुणाच्या भरवशावर विकली जातेय ते कळू नये. व्यापारी मोठा रुबाबदार, अंगठ्या घालून बसलेला. आम्ही दिसताच त्याने पाणी आणि भाजलेले पापड मागवले.

"साईं, पहले पापड खाओ. झगड़ा बाद में."

"झगडा नाहीये," बाबा म्हणाले. "आवाज आहे. इंजिन बंद करने के बाद आता है."

"बंद के बाद भी आता है?" व्यापाऱ्याचा चेहरा उजळला. "तो गाड़ी में दम है ना. दूसरी गाड़ी बंद करो तो मर जाती है."

बाबांनी शब्दांत सांगून बघितलं. त्यांच्याजवळ दोनच शब्द होते, बद्द आणि खणखणीत, आणि दोन्ही इथे उपयोगाचे नव्हते. शेवटी ते माझ्याकडे वळले, घसा साफ केला आणि म्हणाले, "कर गं."

माझ्या नकलांवर बाबांचा मुळीच लोभ नव्हता, कारण त्यांत त्यांचीही एक होती. आयुष्यात एकदाच त्यांनी मला आपणहून सांगितलं, आणि तेही उल्हासनगरच्या भर बाजारात. मी पापड खाली ठेवला, उभी राहिले आणि केलं. धडधड केली, खांदे आणि गाल हलवून. उसासा टाकला. टिकटिकीच्या मधल्या जागा सोडल्या, कारण सगळी गंमत त्या जागांत आहे. मग गुळगुळ. शेजारच्या दुकानातला शिंपी कात्री हातात घेऊन आला. सायकलवाला थांबला. दोन बायका पिशव्या खाली ठेवून उभ्या राहिल्या.

"बेटी, वो पहला वाला फिर से," व्यापारी डोळे मिटून म्हणाला.

मी धडधड पुन्हा केली. सायकलवाल्याने विचारलं, "टेम्पो का भी आता है क्या?"

"आप बोलो," बाबा व्यापाऱ्याला म्हणाले. "पहला आवाज?"

"नॉर्मल."

"दुसरा?"

"नॉर्मल."

"तिसरा?"

"साईं, वो तो सबसे नॉर्मल. इतवार तक चलाओ. फिर भी दिल ना माने तो ले आना, मेरी ज़बान है."

परतताना बाबांनी सवयीने रिक्षाचा पत्रा वाजवून पाहिला. मग म्हणाले, "जो माणूस सगळंच पास करतो, त्याचं एकही पास धरता येत नाही. रविवारी गाडी परत."

घरी त्यांनी तेच आईला सांगितलं. आई मेथी निवडत होती. ती एकेक पान खुडत राहिली. जेवायला वाढताना तिने अगदी साध्या आवाजात विचारलं, "अहो, तुमच्याकडे एखादा नग नापास करायचा तर नुसता वाजवून करता?"

"छे. शेजारी मास्टर पीस ठेवावा लागतो. चांगला म्हणून ठरलेला नग. त्याच्याशी ताडून बघायचं."

"नुसत्या कानावर चालत नाही?"

"नुसत्या कानावर गेलं तर सगळी फॅक्टरी नापास होईल," बाबा म्हणाले, आणि भाकरीचा तुकडा तोंडाजवळ नेता नेता त्यांचा हात थांबला.

"मग आपल्या गाडीचा मास्टर पीस कुठाय?" आई म्हणाली. "भाजी वाढू?"

कॉलनीत मास्टर पीस एकच होता. साहेबांची मोटार. साहेब दुपारच्या भोंग्याला जेवायला बंगल्यावर यायचे, आणि बाबाही घरी जेवायला यायचे. दुसऱ्या दिवशी बाबा, तिन्ही तज्ज्ञ आणि मी बंगल्याच्या फाटकाशी उभे. मोटार आली, थांबली, साहेब उतरले आणि आत निघाले. त्यांची पाठ वळताच बाबांनी ड्रायव्हरला बाजूला व्हायला सांगितलं आणि बॉनेटजवळ कान नेला. तज्ज्ञांनीही नेले. मागे हालचाल जाणवली म्हणून साहेब वळले. चार माणसं त्यांच्या मोटारीपुढे वाकलेली.

"काय बघताय?"

"बघत नाही साहेब," बाबा म्हणाले. "ऐकतोय."

साहेब मोठे हुद्देदार. आपल्याला कळलं नाही असं म्हणायची त्यांना सवय नव्हती. ते परत आले आणि त्यांनीही वाकून कान लावला. आणि मोटारीच्या पोटाखालून, अगदी स्पष्ट, टिक. टिक टिक. मग पुढून, जरा खानदानी सुरात, गुळगुळ.

"काही बिघाड आहे का हिच्यात?" साहेबांनी हळूच विचारलं.

"नाही साहेब. ही मास्टर पीस आहे."

साहेब खूश होऊन जेवायला गेले.

बाबांनी तिथेच, फाटकाशी उभं राहून, सगळं समजावून सांगितलं, जणू त्यांना ते पहिल्यापासून ठाऊक होतं. इंजिनातून निघून मागे जाणारा तो लोखंडी पाइप धावताना तापतो, फुगतो. गाडी थांबली की निवताना आकसतो, आणि आकसताना तडतडतो. जसजसा गार होतो तसतशी टिकटिक विरळ. शेजारच्या काकांनी इतक्या जोरात श्वास सोडला की ड्रायव्हरने वळून पाहिलं. आणि गुळगुळ म्हणजे पाणी. इंजिन चालू असेपर्यंत पाणी फिरतं राहतं. बंद केलं की ते जागच्या जागी थांबतं, पण लोखंड अजून तापलेलंच, त्यामुळे थोडंसं उकळतं आणि रेडिएटरकडे सरकतं. बॉयलरवाले म्हणाले, "मी वाफ म्हटलं होतं." ते खरं होतं, पण तेवढ्यासाठी ते पुढे वर्षभर ऐकवत राहिले.

आई दारात वाट बघत होती. बाबा म्हणाले, "दोन आवाज पास."

तिचा चेहरा फुलला.

"पण ती धडधड साहेबांच्या गाडीत नाही," बाबा म्हणाले. "तो दोष आहे. एका दोषानेही नग नापास होतो. मी काय करू सांग."

आई आत गेली. मी तिच्यामागे गेले तर ती परवान्यावरची धूळ पुसत होती, आणि त्यावर धूळ नव्हती. माझ्या तोंडात एक नक्कल आली होती, ती मी गिळली.

शनिवारी संध्याकाळी ती बाबांसमोर चपला घालून उभी राहिली. "परत करायचीच आहे ना? मग एकदा मला चालवू द्या. माल परत पाठवण्याआधी तुम्ही चालवून बघता की नाही?"

बाबांनी खिशातून चावी काढून दिली. कॉलनीमागच्या मैदानावर आम्ही तिघं गेलो. आई बसली, साडी सारखी केली, आणि गाडीने बेडकासारखी एक उडी मारली. मग दुसरी. मग ती चालू लागली, वाकडीतिकडी, पण चालू लागली. मैदानाच्या टोकाला आईने ब्रेक दाबला, चावी फिरवली आणि गाडी थांबली एकदाची असं वाटून क्लचवरचा पाय खाडकन उचलला. गाडीला एक हिसका बसला आणि सगळं ठप्प.

"मला जमत नाहीये," आई म्हणाली. "हसू नका."

बाबा हसत नव्हते. ते मान वाकडी करून ऐकत होते. खालून टिक आली. पुढून काहीच नाही.

"पुन्हा चालव," ते म्हणाले. "आणि पुन्हा तशीच बंद कर."

"तशीच म्हणजे?"

"चुकीची."

आईने पुन्हा चालवली आणि मनापासून चुकीची बंद केली. हिसका, आणि चिडीचूप. मग बाबा बसले. त्यांनी शिस्तीत गियर काढला, चावी फिरवली, हात मांडीवर ठेवला. ढक्, ढक्, ढक-ढक, ढक्. पुन्हा आई. चिडीचूप. पुन्हा बाबा. ढक-ढक. मैदानात फिरायला आलेल्यांनी आपलं फिरणं थांबवलं. अंधार पडेपर्यंत नवरा-बायको आळीपाळीने एकच गाडी बंद करत होते.

रात्री पानावर बसल्यावर बाबांना उलगडलं. ते भाताला हात न लावता बोलू लागले. इंजिनाच्या आत काजळीचा थर साचला असणार. तो तापून निखाऱ्यासारखा लाल होतो. चावी काढली तरी निखारा विझत नाही, आणि थोडंथोडं पेट्रोल आत जातच राहतं, ते त्या निखाऱ्यावर पेटतं. म्हणून चावीशिवाय धडधड. "मी गियर काढून बंद करतो, इंजिन मोकळं असतं, ते नाचत बसतं," बाबा म्हणाले. "तू गियरमध्येच क्लच सोडतेस. तेव्हा चाकं इंजिनाची मानगूट धरतात. कसं हलणार?"

"म्हणजे माझं बरोबर?"

"नाही. चूकच. पण कामाची चूक आहे."

"मग उद्या?"

"उद्या जायचं. परत करायची की नाही ते तिथे ठरेल," बाबा म्हणाले. मग भाताला हात घालत म्हणाले, "नेताना तू चालव. मला त्याला फरक दाखवायचाय."

फरक दाखवायला, असं ते म्हणाले खरे. रविवारी आई पुढे-मागे शिकाऊ पाट्या लावून अंबरनाथहून उल्हासनगरला गाडी घेऊन निघाली. मी मागे बसले होते. रिक्षावाले आम्हाला ओलांडताना आत डोकावून जात होते. बाबा दोन्ही पायांनी जमिनीवर ब्रेक दाबत होते, तिथे ब्रेक नसताना. शेडसमोर आईने गाडी उभी केली, हिसका दिला, आणि गाडी तोंड मिटून बसली.

व्यापारी खुर्चीतून उठला, आला, बॉनेटशी उभा राहिला. "कहाँ है आवाज़? साईं, कहाँ है?" शिंपी, सायकलवाला, सगळे जमा.

बाबांनी आईला उतरायला सांगितलं, स्वतः एक चक्कर मारून आले आणि चावी काढली. ढक्, ढक्, ढक-ढक, ढक्. लोकांनी गाडीकडे न बघता माझ्याकडे पाहिलं. सायकलवाला म्हणाला, "बराबर किया था लड़की ने."

व्यापाऱ्याने विचार केला. मग हात पसरून निकाल दिला, "ख़राबी गाड़ी में नहीं है साईं. ड्राइवर में है. भाभीजी चलाती हैं तो देखो कैसी तमीज़ से रुकती है."

आई रस्त्याच्या पलीकडे बघू लागली. हसू दाबलं की ती नेहमी पलीकडे बघायची.

"मिस्त्रीको बुलाव," बाबा म्हणाले.

मिस्त्री आला. उभ्या उभ्या बंद पडू नये म्हणून इंजिन जरा जास्त जोरात ठेवलं होतं, ते त्याने स्क्रू फिरवून मवाळ केलं. आतली काजळी नंतर खोलून काढावी लागेल म्हणाला, आणि व्यापाऱ्याने ती आपल्या खर्चाने काढून द्यायचं सगळ्या बाजारासमोर कबूल केलं. बाबांनी गाडी पुन्हा चालू केली, गियर काढला, चावी फिरवली. आम्ही सगळे वाकलो.

ढक्.

एकच. मग शांतता.

"एक राहिला," आई म्हणाली.

बाबा स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. फॅक्टरीत माल नापास करताना ते असेच बसत असतील, असं मला वाटलं. मग ते म्हणाले, "तेवढी मुभा असते," खाली उतरले, आरशाची तार सोडवून बिल्ला खिशात टाकला, गाडीला पुढून वळसा घातला आणि डावीकडच्या दाराने आत जाऊन बसले.

आईला कळायला एक क्षण लागला. मग ती धावलीच.

परतीला गाडीने उडी एकच मारली. अंबरनाथ आलं, फॅक्टरीची भिंत सुरू झाली, कॉलनीचा फाटा दिसू लागला. मी पिशवी सावरून बसले. फाटा जवळ आला, शेजारी आला आणि मागे गेला.

"अगं, वळण गेलं," बाबा म्हणाले.

"दिसलं मला."

"मग?"

"बदलापूरला जाऊ. बेलवलीला, माझ्या ताईकडे. रविवार आहे, घरीच असेल."

"तिला कळवलेलं नाही."

"दारात गाडी थांबली की कळेल," आई म्हणाली, आणि तिने हॉर्न वाजवला. समोर कोणी नव्हतं.